कॉपीकॅटमधलं मांजर आलं कुठून?

कोथरूडहून एका आईने विचारलं आहे. मुलगी तिसरीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. चित्रकलेच्या तासाला शेजारणीचं बघून हिनेही डोंगरामागे इंद्रधनुष्य काढलं, तर शेजारीण सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कॉपीकॅट!" मुलगी घरी येऊन रडली आणि रडून झाल्यावर तिने विचारलं, "पण आई, मांजर कशाला? आपली मनी तर कुणाचीच कॉपी करत नाही." आईचे प्रश्न असे: या शब्दाचा नेमका अर्थ काय, ही शिवी आहे का, मांजर त्यात आलं कुठून आणि मराठीत त्याला काय म्हणायचं? भाषांतर आणि कोशकाम हाच माझा रोजचा उद्योग असल्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देतो. यातला सगळ्यात अवघड प्रश्न मुलीचा आहे.

अर्थ चटकन सांगून टाकतो. दुसऱ्याचं बोलणं, वागणं, कपडे, चित्र, कल्पना जशीच्या तशी उचलणारा तो कॉपीकॅट. शब्द मुळात पोरांच्या भांडणातला आहे. शिवी नाही, पण कौतुक तर नाहीच नाही. 'तुझं स्वतःचं काही नाही' एवढा टोमणा त्यात ठासून भरलेला असतो. मोठी माणसं तो हसत हसत वापरतात, वर्तमानपत्रं गंभीरपणे वापरतात, पण टोमण्याची चव जात नाही. एखाद्या गायकाने गुरूची गायकी आत्मसात केली तर त्याला कोणी कॉपीकॅट म्हणत नाही. म्हटलं, तर समजावं की बोलणाऱ्याला तो गायक आवडत नाही.

आता मांजर.

इंटरनेटवर शोधलंत तर एक गोड उत्तर मिळेल: मांजरीची पिल्लं आईचं बघून शिकतात, शिकार करायला, अंग चाटायला, मातीत खड्डा करायला, म्हणून नक्कल करणारा तो कॉपीकॅट. हे ऐकायला इतकं पटतं की मला पहिल्यांदा त्याचाच संशय येतो. व्युत्पत्तीच्या धंद्यात फार गोड गोष्ट ही बहुतेक वेळा कोणीतरी मागाहून रचलेली असते. पिल्लं आईचं बघून शिकतात हे मात्र खरं आहे. १९६९ साली 'सायन्स' या नियतकालिकात फिलिस चेस्लर यांचा प्रयोग छापून आला. दिवा लागला की दांडी दाबायची आणि खाणं मिळवायचं, हे आईला करताना पाहिलेली पिल्लं लवकर शिकली. परक्या मांजरीला पाहिलेली उशिरा शिकली. कोणालाच न पाहिलेली शिकलीच नाहीत. २०२० मध्ये तर जपानमधल्या एबिसू नावाच्या मांजरीने माणसाने केलेल्या कृतीची नक्कल सांगितल्याबरोबर करून दाखवली, त्यावरही शोधनिबंध आहे. तेव्हा तुमच्या मनीला कमी लेखू नका. पण मांजर नक्कल करू शकतं हे सिद्ध झालं म्हणून शब्द त्यावरूनच आला, हे सिद्ध होत नाही. बघून शिकणं ही काही एकट्या मांजराची मिरास नाही. कुत्र्याचं पिल्लू, माकड, पोपट, माणसाचं पोर, सगळेच त्यात आहेत. मग इतक्या उमेदवारांतून मांजराचीच निवड का व्हावी, याला या गोष्टीत उत्तर नाही.

कोशकार अशा वेळी गोष्ट बाजूला ठेवतो आणि छापील पुरावा शोधतो: शब्द कुठे, कधी, कोणाच्या तोंडी आला? ऑक्सफर्डचा मोठा कोश या पद्धतीने उभा राहिला. १८८४ मध्ये त्याचा पहिला भाग निघाला, १९२८ मध्ये काम पुरं झालं. पुणेकरांना ही पद्धत समजावून घ्यायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही. येरवड्याला डेक्कन कॉलेजात जावं. तिथे १९४८ पासून संस्कृतचा महाकोश याच ऐतिहासिक तत्त्वावर चालू आहे. जवळपास दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या कपाटांच्या कप्प्यांत रांगेने लावलेल्या आहेत. एक चिठ्ठी म्हणजे एक शब्द, तो जिथे आला ते वाक्य आणि त्याचा पत्ता. चिठ्ठ्या काळाप्रमाणे लावल्या की शब्दाचा प्रवास दिसू लागतो. १९७६ साली पहिला खंड निघाला आणि अजून कोश 'अ' च्या मुलखातच आहे. लोक याला हसतात. मी हसत नाही.

कॉपीकॅटच्या चिठ्ठ्या लावल्या तर आपण अमेरिकेत पोचतो, तेही ईशान्य टोकाच्या मेन राज्यात. १८८७ साली कॉन्स्टन्स कॅरी हॅरिसन या लेखिकेचं बार हार्बर या तिथल्या किनाऱ्यावरच्या गावाविषयीचं पुस्तक निघालं. त्यात मुलांच्या बोलण्याचा हवाला देऊन असं काहीसं येतं की आधी छापून आलेलंच तू लिहून घातलंस तर तू कॉपीकॅट. म्हणजे शब्द पहिल्यापासूनच पोरांच्या तोंडचा, आणि आरोपही उचलेगिरीचा.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी चिठ्ठी, १८९६ ची. मेनमध्येच वाढलेल्या सारा ऑर्न ज्युएट यांच्या 'द कंट्री ऑफ द पॉइंटेड फर्स' मध्ये गावातल्या बायका गप्पा मारत बसल्या आहेत. बोलता बोलता एकीच्या तोंडून 'कॉपीकॅट' येतं. दुसरी हसून म्हणते की हा शब्द कितीतरी वर्षांत ऐकला नाही, आजीचा फार आवडता होता. आता हिशोब करा. १८९६ मध्ये वय झालेल्या बाईची आजी म्हणजे शब्द निदान एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास घरांतून बोलला जात असणार. कथा कल्पित आहे, म्हणून हा कोर्टात टिकणारा पुरावा नव्हे. पण ज्युएट यांचा आपल्या भागातल्या बोलीचा कान तिखट होता, आणि वाचकांनाही हा शब्द जुन्या वळणाचा वाटेल असं धरूनच त्यांनी ते वाक्य घातलं आहे. छापील तारीख ही शब्दाची जन्मतारीख नसते. स्वयंपाकघरात आणि शाळेच्या पटांगणात जन्मलेले शब्द कागदावर यायला दोन-तीन पिढ्या सहज घेतात. 'भंकस' किंवा 'टाइमपास' छापून कधी आला ते बघून कोणी त्याचं वय ठरवलं, तर कट्ट्यावरची मंडळी काय म्हणतील?

तर मांजराचं काय? माझं मत असं की इथे मांजर हा प्राणी नाहीच; तो हिणवण्यासाठी जोडलेला शेपूट-शब्द आहे. इंग्रजीत माणसाला, विशेषतः बाईला, तिरस्काराने 'कॅट' म्हणण्याची रीत मध्ययुगापासूनची आहे. भित्र्या पोराला 'स्केअर्डीकॅट' म्हणतात, 'फ्रेडीकॅट' म्हणतात. मांजर काही भित्रेपणासाठी नावाजलेलं नाही; त्याला कोपऱ्यात गाठून बघा. म्हणजे या जोडशब्दांत अर्थाचं ओझं पहिल्या भागावर आहे आणि 'कॅट' नुसता चिडवण्याचा सूर लावतो. आपण 'रडूबाई', 'हट्टीबुवा' म्हणतो तेव्हा तिथे खरी बाई किंवा खरा बुवा कुठे असतो? ('सावरपस', म्हणजे कायम आंबट तोंडाचा माणूस, यातला 'पस' बघून कोणी तेही मांजरच समजेल. ते नव्हे, तो आयरिश भाषेतला तोंडाला असलेला शब्द आहे. दिसतं तसं नसतं, म्हणून तर कोशकारांचं पोट भरतं.)

त्यात भर पडली ती नादाची. 'कॉपी' आणि 'कॅट' दोन्ही 'क' ने सुरू होतात. तीन ठोके, शेवटचा टणक. रांगेत उभं राहून ओरडायला याहून सोयीचं काय? इंग्रज मुलांच्या चिडवण्यात 'कॉपीकॅट, कॉपीकॅट, सिटिंग ऑन द डोअरमॅट' अशी ओळ आहे. मॅट, हॅट, रॅट, यमकं पायलीला पन्नास. 'कॉपीमंकी' मध्ये हा ठसका येत नाही. मुलीला उत्तर द्यायचं तर एवढंच सांगा: मांजर नक्कल करतं म्हणून नाही, चिडवायला बरं पडतं म्हणून.

शब्दाचा पहिला अर्धा भाग, 'कॉपी', याची कहाणी तर आणखी गंमतीची आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. लॅटिनमध्ये 'कोपिया' म्हणजे विपुलता, समृद्धी. फळाफुलांनी ओसंडणारं शिंग पाश्चात्त्य चित्रांत दिसतं, त्या 'कॉर्न्युकोपिया' मध्ये हाच कोपिया आहे. विपुलतेवरून मुभा, मोकळीक असा अर्थ आला. मग एखादा मजकूर उतरवून घ्यायची मुभा, आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये थेट उतरवून घेतलेली प्रत. फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात तो इंग्रजीत शिरला. छापखाना युरोपात यायच्या आधीचा हा काळ. एका पोथीच्या दोन झाल्या की ज्ञानात भर पडली, असं मानणाऱ्या जगात कॉपी करणं हे पुण्यकर्म होतं. आपल्याकडेही तेच. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक हा श्लोक लिहीत:

यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया ।
यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥

जसं पुस्तक पाहिलं तसं लिहिलं; बरोबर असो की चूक, मला बोल लावू नका. झेरॉक्सच्या दुकानात पाटी लावावी इतकं चोख वाक्य आहे हे. आणि या नकलाकारांच्या चुकाच पुढे कामाला आल्या. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, ती निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या ओळीला ओळ भिडवूनच. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच विचित्र चूक असेल तर दोघींचं मूळ एक असणार, हे त्या शास्त्राचं पहिलं सूत्र. परीक्षेत पर्यवेक्षक दोन उत्तरपत्रिकांत सारखीच चूक पकडतो, तीच नजर.

परीक्षेचं नाव निघालंच आहे तर मराठीत 'कॉपी' चं काय झालं तेही बघून घ्या. इंग्रजीत परीक्षेतल्या गैरप्रकाराला 'चीटिंग' म्हणतात; 'कॉपी' हा त्यातला एक प्रकार. मराठीत मात्र 'कॉपी' हे त्या गुन्ह्याचंच नाव झालं. 'कॉपी करताना पकडला', 'कॉपीबहाद्दर', 'कॉपीमुक्त अभियान', दर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपर उघडला की हे शब्द ठरलेले. हातात सापडलेली चिठ्ठी, तीही 'कॉपी'च: "त्याच्या सॉक्समध्ये कॉपी सापडली." हे इंग्रजाला सांगून समजणार नाही. राज्य परीक्षा मंडळाचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे आणि गैरप्रकारांना आळा घालणारा राज्याचा कायदा १९८२ चा आहे. तेव्हा मराठी माध्यमातल्या आजी-आजोबांना 'कॉपीकॅट' ऐकून थेट भरारी पथक आठवलं, तर त्यांचा दोष नाही. तुमच्या घरात या शब्दाने एवढं वादळ उठलं, त्यात याचाही वाटा असावा असा मला दाट संशय आहे.

इंग्रजीत अनुकरणाचे बाकीचे शब्दही समोर असू द्या, कारण भाषांतरात घोळ तिथेच होतो. 'इमिटेट' निर्विकार आहे. बाळ आईला इमिटेट करतं. 'एम्युलेट' मध्ये बरोबरी करण्याची, पुढे जाण्याची ईर्ष्या आहे, त्यामुळे तो बहुतेक वेळा चांगल्या अर्थी. 'एप' म्हणजे माकडासारखं, न समजता. पण सावधान, मराठी माकड नक्कलखोर नसून खोडकर आहे. टोप्या विकणाऱ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असली तरी 'माकडचाळे' म्हणजे नक्कल नव्हे. 'पॅरट' ला मात्र आपल्याकडे हुकमी जोड आहे, पोपटपंची. फक्त 'त्याचा पोपट झाला' मधला पोपट वेगळा, तिथे फजिती आहे, अनुकरण नाही.

'मिमिक' वर थोडं थांबायला हवं. ग्रीक 'मीमोस', म्हणजे सोंग घेणारा नट, यावरून आलेला हा शब्द आहे, आणि त्यात कौशल्याची दाद आहे. आपला बहुरूपी तो हाच. जीवशास्त्रात तर मिमिक्री हा जगण्याचा डावपेच आहे. १८६२ मध्ये हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून तो मांडला. तुमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर ज्या हिरव्या अळ्या पानं फस्त करतात, त्यांतून बऱ्याचदा कॉमन मॉर्मन फुलपाखरू निघतं. नर काळा, पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादीचं एक रूप मात्र वेगळंच, मागच्या पंखावर पांढरा डाग, कडेला लालसर ठिपके, हुबेहूब कॉमन रोझ. कॉमन रोझ विषारी असल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनची मादी निर्विष असूनही त्याच वेषात वाचते. या मादीला कॉपीकॅट म्हणायची कोणाची छाती नाही. तिला 'मिमिक' म्हणतात, कारण तिथे हेटाळणी नाही.

आता मराठीत काय म्हणावं? मी 'नकलमांजर' असं केलेलं भाषांतर छापील पाहिलं आहे. ते वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बनावट मांजर उभं राहतं. मराठी मांजर आडवं जातं, डोळे मिटून दूध पितं, भिजतं. नक्कल करत नाही. तेव्हा मांजर सोडून द्यायचं आणि प्रसंग बघायचा. मुलांच्या भांडणात सगळ्यात जिवंत मराठी म्हणजे "माझं बघून काढलंस!" हे वाक्य. त्याला एका शब्दाचं रूप द्यायचा हट्ट कशाला? सवयीने नकला करणाऱ्याला 'नकल्या', गंभीर लेखनात 'अनुकरण करणारा', मजकूर चोरणाऱ्याला 'उचल्या', मताच्या बाबतीत 'री ओढणारा', सगळा समाजच एकामागे एक निघाला तर संस्कृतातून आलेला 'गतानुगतिक'.

'नक्कल' हा शब्द अरबी 'नक्ल' वरून आला. मूळ अर्थ एका जागेवरून दुसरीकडे नेणं. त्यावरून मजकूर एका कागदावरून दुसऱ्यावर नेणं. म्हणून नक्कल निंदेसाठीच वापरतात असं नाही. दस्ताची नक्कल मागितली की अधिकारी शिक्का मारून देतो, 'खरी नक्कल'. इंग्रजीतल्या 'ट्रू कॉपी' चा हा अवतार कितीही वेळा वाचला तरी मला हसू येतं. आणि जुन्या नाटकवाल्यांना विचारा: नटाच्या वाट्याची वाक्यं वहीत किंवा सुट्या कागदांवर उतरवून देत, त्यालाही नक्कलच म्हणत. 'नकला वाटल्या', 'नक्कल पाठ झाली का?' ही भाषा तालमीतली. आताची कॉलेजची पोरं 'स्क्रिप्ट' म्हणतात.

बातमीतला 'कॉपीकॅट' मात्र जपून उतरवावा. १९८२ मध्ये शिकागोत टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळल्याने सात जण दगावले आणि त्यानंतर तशाच भेसळीचे प्रकार इतरत्र घडले. त्यांना 'कॉपीकॅट' गुन्हे म्हटलं गेलं. मराठीत 'त्याच धर्तीवर', 'ते पाहून' एवढं पुरतं. आत्महत्येच्या बातमीत तर हा शब्द मी कधीच येऊ देत नाही. तिथला पोरकट सूर क्रूर वाटतो. 'अनुकरणातून होणाऱ्या आत्महत्या' असं सरळ लिहावं.

बाजारातल्या कॉपीकॅटला 'बनावट' म्हणणं ही नेहमीची गफलत आहे. बनावट माल दुसऱ्याचंच नाव लावून येतो. कॉपीकॅट स्वतःचं नाव लावतो, पण रंग, अक्षरं, डबा असा ठेवतो की गिऱ्हाइकाचा हात चुकावा. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात यालाच फसवं साम्य अशा अर्थाची संज्ञा आहे. पुण्याने यावर कायद्याच्या आधीच आपला उपाय काढला होता, 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी. लोक तिला पुणेरी आखडूपणा समजतात. खरं तर ती नक्कल करणाऱ्यांविरुद्ध लावलेली जाहीर नोटीस आहे.

आणि कोण कोणाचा कॉपीकॅट, हे दिसतं तितकं सोपं नसतं. कॅम्पातलं बर्गर किंग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या नावाने चालू होतं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने भारतात दुकान थाटलं २०१४ मध्ये. कंपनीने २०११ सालीच दावा लावला होता. पुण्याच्या न्यायालयाने तो २०२४ मध्ये फेटाळला; अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातल्या हॉटेलाला ते नाव तूर्त वापरू नका असा अंतरिम आदेश दिला; मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाही स्थगिती दिली. जगात आधी कोण आणि पुण्यात आधी कोण, यांची उत्तरं वेगवेगळी येतात, आणि कायद्याला दोन्ही तपासावी लागतात.

राहिली लिहिण्याची बाब. इंग्रजीत पूर्वी हा शब्द दोन तुकड्यांत किंवा मध्ये जोडरेघ देऊन लिहीत, आता सरसकट एकत्र लिहितात. देवनागरीतही 'कॉपीकॅट' एकच शब्द ठेवा. लिंग माणसाप्रमाणे, तो कॉपीकॅट, ती कॉपीकॅट. मांजर नपुंसकलिंगी आहे म्हणून 'ते' करू नका. क्रियापद म्हणूनही इंग्रजीत तो चालतो, पण मराठीत 'कॉपीकॅट करू नकोस' फार विचित्र लागतं. 'कॉपी करू नकोस' म्हणा, किंवा तिसरीतल्या मुलीशी बोलताना तेही नको. पुढच्या वेळी शेजारणीने टोमणा मारला तर तिला एवढंच म्हणायला शिकवा: "हो, तुझं आवडलं म्हणून बघून काढलं."